प्रेसवर ओके, सकाळी तडकलेला: डीप ड्रॉ कपात अडकलेला ताण आणि स्प्रिंगबॅक

प्रश्न मोठा होता, आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. १ मिमी जाडीचं स्टेनलेस, ब्लँक (कापलेली गोल चकती) १९८ मिमी, कप साधारण १०० व्यासाचा, ट्रिम करून उंची ७०, एकाच ड्रॉमध्ये, म्हणजे पंचने चकती डायच्या भोकात एकदाच ओढून, काढतात. प्रेसवरून आलेला कप गेजमध्ये बसतो. तोंड ट्रिम केलं की कप थोडा लंबगोल होतो, तोंडाशी व्यास वाढतो, आणि शंभरातले चार-पाच कप दुसऱ्या दिवशी वरून खाली उभे तडकलेले सापडतात. शिवाय दुसरा एक जॉब आहे, डीपी ६०० (ड्युअल फेज, जास्त ताकदीचं स्टील) चा यू चॅनेल, त्याच्या भिंती बाहेरच्या बाजूला वळतात. मटेरियलवाला म्हणतो टूल खराब, टूलवाला म्हणतो मटेरियल खराब, आणि तुम्ही विचारताय की खरं कोण बोलतंय.

माझं सरळ मत सांगतो, दोघांनाही तुमच्यापेक्षा जास्त काही माहिती नाहीये, कारण आजपर्यंत कोणीच कप कापून बघितलेला नाही. पस्तीस वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात टूलरूम आणि प्रेसशॉपमध्ये काढली, त्यात अशा भांडणांमध्ये निम्मा वेळ गेला. डाय घासा, रेडियस वाढवा, ऑईल बदला, कुशनचं, म्हणजे ब्लँक होल्डरला खालून दाब देणाऱ्या गादीचं, प्रेशर कमी-जास्त करा, सगळं अंदाजाने. आणि तिकडे कप आपला स्वतःहून सांगायला तयार असतो, फक्त हॅकसॉ लावायचा कंटाळा.

पहिली गोष्ट, स्प्रिंगबॅक आणि आत राहिलेला ताण हे दोन वेगळे आजार नाहीत. शीट वाकवली, ओढली, सोडली की तिला थोडं मागे यायचं असतं. जेवढं मागे येता आलं तेवढा स्प्रिंगबॅक दिसला. जेवढं येता आलं नाही, कारण आकारच असा बंदिस्त की हलायला जागा नाही, तेवढं आत ताण म्हणून बसून राहिलं. रोखीत मिळालं ते स्प्रिंगबॅक, बाकीची उधारी. ती उधारी कधीतरी कोणीतरी वसूल करतोच, ट्रिमिंगवाला करतो, पियर्सिंगवाला करतो, वेल्डर करतो, नाहीतर रात्री गोडाऊनमध्ये कप स्वतःच करतो. तुमच्या यू चॅनेलची दोन्ही टोकं उघडी आहेत म्हणून तो लगेच वळून दाखवतो, कप गोल बंद आहे म्हणून तो शहाण्यासारखा गेजमध्ये बसतो. आत दोघांच्या तेच चाललंय.

आता आत नक्की काय होतं ते बघा, कारण हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे उपाय आपोआप सुचतात. ब्लँक होल्डरखालची (शीट कडेने दाबून धरणारी रिंग) शीट आत ओढली जाताना आधी डायच्या रेडियसवर वाकते आणि मग भिंतीत जाताना परत सरळ होते. वाकताना डायच्या बाजूचा थर दाबला जातो, पंचच्या बाजूचा ताणला जातो. सरळ होताना बरोबर उलटं, डायच्या बाजूचा थर ताणला जातो आणि पंचच्या बाजूचा दाबला जातो. म्हणजे कपाच्या भिंतीची बाहेरची कातडी ताणलेली आणि आतली दाबलेली अशी अवस्था राहते. आता ती भिंत सोडली तर बाहेरची कातडी आखडणार, आतली पसरणार, म्हणजे भिंत बाहेरच्या बाजूला फाकणार. यू चॅनेलमध्ये नेमकं हेच दिसतं, भिंत नुसती तिरकी होत नाही तर धनुष्यासारखी वळते, याला साइडवॉल कर्ल म्हणतात. कपात मात्र भिंतीला फाकायचं असेल तर तोंडाचा घेर वाढला पाहिजे, आणि घेर वाढायला शेजारचं मटेरियल देत नाही. मग तोंडाजवळ परिघाच्या दिशेने ओढाताण राहते. फूल उमलायला बघतंय आणि कोणीतरी रबरबँड लावलाय, असं समजा. म्हणूनच चीर नेहमी तोंडापासून सुरू होते आणि उभी खाली येते. तळाशी फाटलेला कप वेगळा, तो प्रेसमध्येच पंचच्या नाकाशी फाटतो, त्याचा आणि याचा संबंध नाही, दोन्ही रिजेक्शन एका रकान्यात लिहू नका ही पहिली विनंती.

ट्रिम केल्यावर व्यास का वाढला? तुमचा ब्लँक १९८ आणि व्यास १०० धरला तर भिंत ७३ मिमीच्या आसपास निघते, म्हणजे वरचे तीनेक मिमी तुम्ही कापता. ती वरची कड बाकीच्या भिंतीपेक्षा जाड असते, कारण ब्लँकचा बाहेरचा घेर आत येताना सगळ्यात जास्त आकसतो. तुमचं ड्रॉ रेशो, म्हणजे ब्लँकचा व्यास भागिले कपाचा व्यास, १.९८, ते काही सोपं नाही, त्यात तोंडाशी जाडी वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढायला बघते. शिवाय ब्लँक होल्डरमधून सुटलेली अगदी शेवटची कड डायच्या रेडियसवर नीट वाकत-सरळ होत नाही, त्यामुळे तिच्यात फाकायची ओढ कमी. म्हणजे ती जाड कड म्हणजेच तुमचा रबरबँड, आणि ट्रिमिंगमध्ये तुम्ही तोच कापून टाकता, मग तोंड फुलणारच की.

लंबगोलाचं वेगळं आहे. ब्लँकवर रोलिंगच्या दिशेने मार्करने रेघ मारा, वीस कप काढा, ट्रिम करा आणि मोठा व्यास कुठल्या दिशेला आलाय ते बघा. प्रत्येक वेळी रेघेच्या हिशोबाने एकाच जागी येत असेल तर शीटचा स्वभाव आहे, त्या दिशेत तिचे गुण वेगळे. रेघ कुठेही असली तरी मोठा व्यास कायम ऑपरेटरच्या डावीकडेच येत असेल तर शीटला शिव्या देऊ नका, तुमच्या कुशनच्या पिना एका उंचीच्या नाहीत किंवा पंच सेंटरला नाही. आमच्याकडे एका जॉबला दोन महिने मटेरियल बदलत बसलो होतो, तीन सप्लायर झाले, शेवटी आठपैकी एक कुशन पिन अर्धा मिमी आखूड निघाली, कोणीतरी कधीतरी तुटलेली पिन टर्न करून तशीच बसवलेली. मार्करची किंमत वीस रुपये.

आता मोजायचं कसं. कपाच्या भिंतीच्या मधल्या भागातून पंधरा मिमी उंचीची रिंग कापा. वायरकटने (ठिणग्यांनी कापणारी तार) कापा, ग्राइंडरने नको, ग्राइंडरची गरमी स्वतःचाच ताण आत घालते आणि मग तुम्ही कप मोजताय की ग्राइंडर हे कळत नाही. रिंगच्या बाहेरच्या बाजूला दहा मिमी अंतरावर दोन उभ्या रेघा स्क्राइबरने मारा, व्हर्नियरने अंतर मोजून लिहून ठेवा, आणि त्या दोन रेघांच्या बरोबर मधून रिंग उभी चिरा. शेवटचा धागा तुटताना "टण्" असा आवाज येतो आणि रिंग उघडते, पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतोच. मग परत रेघांमधलं अंतर मोजा. वाढ म्हणजे तुमच्या उधारीचा आकडा. रेघा का मारायच्या, कारण वायरची जाडी मग हिशोबात घुसत नाही. ही काही माझी आयडिया नाही, याला डेमेरी स्प्लिट रिंग टेस्ट म्हणतात, एएसटीएम या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं ई २४९२ हे स्टँडर्डच आहे या नावाने.

समजा १०० मिमी सरासरी व्यासाची रिंग, जाडी १ मिमी, आणि रेघांमधलं अंतर दहाचं पस्तीस झालं, म्हणजे २५ मिमी उघडली. म्हणजे रिंगची त्रिज्या ५० ची साधारण ५४ झाली. आता १ भागिले ५० वजा १ भागिले ५४, हे येतं ०.००१४८. याला जाडीच्या निम्म्याने, म्हणजे ०.५ ने गुणा, आणि स्टेनलेसच्या इलॅस्टिक मॉड्युलसने (मटेरियल किती ताठ त्याचा आकडा), म्हणजे १,९३,००० एमपीए (मेगापास्कल) ने गुणा. उत्तर १४३ एमपीए च्या जवळ. एवढा वाकण्याचा ताण बाहेरच्या कातडीत घेर धरून बसलेला होता. हा हिशोब जाडीभर ताण सरळ रेषेत बदलतो असं धरून आहे, खरं तसं नसतं, आणि रिंग कापतानाच थोडा ताण सुटून गेलेला असतो, तोंडाजवळचा तर जास्तच. त्यामुळे या आकड्याची पूजा करू नका, पण तुलना करायला याच्यासारखं हत्यार नाही. आज २५ मिमी उघडते, ऑईल बदलल्यावर २४ उघडली तर ऑईलने काही झालं नाही. डायचा गॅप बदलल्यावर ९ उघडली तर झालं. प्रत्येक बदलाला तीन रिंगा, वहीत तारीख, कॉइल नंबर, उघडलेलं अंतर. एवढी वही मला कोणी दाखवली तर मी फोनवर सांगू शकतो काय करायचं.

आता तुमच्या तडकणाऱ्या कपांकडे येतो, कारण यात ताण एकटा दोषी नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका भांडी बनवणाऱ्या युनिटला मदत करत होतो, ग्लास आणि डबे, मटेरियल २०० सीरिजचं, ज्याला आपल्याकडे बाजारात सगळे जे-फोर म्हणतात. डिसेंबरचा महिना. वॉचमन सकाळी म्हणाला, साहेब गोडाऊनमध्ये रात्री कोणीतरी चुटक्या वाजवतं. सगळे हसले, उंदीर असतील म्हणाले. दुसऱ्या रात्री मी दहा वाजता मुद्दाम जाऊन बसलो, आणि खरंच, पाच-दहा मिनिटांनी कुठूनतरी "टक्". टॉर्च घेऊन शोधायला लागलो तर ढिगातला एक डबा तोंडापासून बोटभर चिरलेला, कड अजून चकचकीत. दुपारी पॉलिशला जायच्या आधी तोच डबा चांगला होता. त्या रात्री बारापर्यंत मी अकरा टक् मोजले.

होतं काय, की ३०४ असो नाहीतर २०० सीरिज, स्टेनलेसला जोरात ओढलं की त्यातल्या काही भागाची रचना बदलते, ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं, कडक आणि ठिसूळ. हे मार्टेन्साइट लोहचुंबकाला चिकटतं. (म्हणून दुकानात चुंबक घेऊन "खरं स्टील चिकटत नाही" म्हणणाऱ्या काकांना सांगा की चांगल्या ३०४ चा खोल डबा पण तोंडाशी चिकटेल आणि २०० सीरिजची सपाट न ओढलेली शीट अजिबात चिकटणार नाही. चुंबकाने ग्रेड कळत नाही.) पण तुमच्या कामाला चुंबक उपयोगाचं आहे. तळापासून तोंडाकडे फिरवत न्या, जिथे ओढ वाढते तिथे मार्टेन्साइट जास्त. तिथेच घेराची ओढाताण पण जास्त. आणि तिसरा पाहुणा म्हणजे मटेरियलमध्ये आधीपासून विरघळलेला थोडासा हायड्रोजन, जो मार्टेन्साइटमध्ये फिरायला मोकळा आणि त्याला ठिसूळ करायला तयार. ताण, मार्टेन्साइट, हायड्रोजन हे तिघं भेटले की चीर लगेच नाही तर तासांनी, कधी दिवसांनी येते. ३०४ मध्ये निकेल किमान आठ टक्के, ते ऑस्टेनाइट धरून ठेवतं. जे-फोरमध्ये निकेल एक टक्क्याच्या घरात, बाकी काम मँगनीज, नायट्रोजन आणि तांबं मिळून करतात, त्यामुळे हा त्रास तिथे फार जास्त. तुम्ही "३०४ म्हणून आणलंय" असं लिहिलंय, त्या "म्हणून" ने मला शंका आली. टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) मागा, आणि तरी एक्स-रे गनने, म्हणजे मटेरियलची रचना दाखवणाऱ्या हातातल्या मशीनने, तपासा, भंगारवाल्याकडे पण आता ती असते. निकेल एक-दीड दिसलं तर पुढचं सगळं वाचायच्या आधी सप्लायरला फोन करा.

ही तडकण्याची भानगड नवी पण नाही, आणि गंमत म्हणजे तिचं इंग्रजी नाव आपल्या पावसाळ्यामुळे पडलंय. ब्रिटिश सैन्याच्या पितळी काडतुसांच्या पुंगळ्या हिंदुस्थानात पावसाळ्यात ठेवल्या ठेवल्या तडकायच्या, त्याला ते सीझन क्रॅकिंग म्हणायला लागले. काडतुसाची पुंगळी म्हणजे आपलाच डीप ड्रॉ कप, ७०-३० पितळेचा, अनेक ड्रॉमध्ये लांब ओढलेला. घोड्यांच्या पागांमधला अमोनिया, दमट हवा आणि भिंतीत अडकलेला ताण, हे तिन्ही एकत्र. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी हे नीट उलगडून दाखवलं. उपाय काय निघाला, तर काडतूस थोडं गरम करायचं, पितळ मऊ पडणार नाही पण ताण सुटेल एवढंच, अडीचशे-तीनशे अंश. पितळेला ते जमतं. घरी आजीचा पितळी तांब्या फडताळात बसल्या बसल्या चिरला असेल तर तेच झालंय. पुण्याच्या तांबट आळीतली जुनी मंडळी तांब्याला मधेमधे भट्टीत लालसर करून घेतात आणि शेवटी बाहेरून मठाराचे ठोके देतात. ते ठोके चमकतात म्हणून लोक घेतात, पण कारागीर सांगेल की ठोक्याने भांडं कडक होतं. बाहेरची कातडी ठोक्याने दाबली जाते, आणि दाबलेल्या कातडीत चीर सुरू व्हायला त्रास होतो, हे आज शॉट पीनिंगवाले (बारीक गोळ्यांचा मारा करणारे) मशीन लावून करतात.

स्टेनलेसला मात्र अडीचशे अंशाने ताण फारसा सुटत नाही, उगाच ओव्हनमध्ये घालून वेळ घालवू नका. पूर्ण अॅनिलिंग (तापवून मऊ करणं) करायचं तर १०५० च्या आसपास आणि मग झटकन थंड, मधल्या तापमानात रेंगाळलं तर ३०४ चा गंज रोखायचा गुण बिघडतो. ब्राइट अॅनिलिंगची भट्टी असेल तर चमक राहते, नाहीतर पिकलिंग (अॅसिडने धुणं) आलं, आणि पिकलिंग नीट नाही केलं तर अजून हायड्रोजन. तुमच्या १०० व्यासाच्या कपाला हा खर्च परवडणार नाही हे मला माहितीये. पण परवडत असेल तर एक लक्षात ठेवा, ड्रॉनंतर त्याच शिफ्टमध्ये भट्टीत गेलं पाहिजे. शनिवारी ड्रॉ आणि सोमवारी अॅनिलिंग असं केलं तर रविवारी गोडाऊनमध्ये मैफल.

तुमच्यासाठी मी या क्रमाने जाईन. आधी डायचा गॅप, म्हणजे पंच आणि डायमधली जागा. तुमच्या ड्रॉइंगमध्ये एका बाजूला १.२५ दिसतोय, म्हणजे भिंत मोकळीच वर येते, तोंडाची जाड कडसुद्धा कशाला घासत नाही. गॅप कमी करा म्हणजे भिंत वर येताना थोडी दाबून निघेल, आपण याला आयर्निंग म्हणतो. भिंत पाच-सात टक्के जरी पातळ झाली तरी जाडीभर सगळे थर एकाच दिशेने ओढले जातात, ताणलेलं-दाबलेलं असं भांडणच मिटतं. रिंग टेस्टमध्ये सगळ्यात मोठा फरक मी यानेच पाहिलाय, उघडणारी रिंग कधीकधी जवळजवळ जागेवर राहते. पण स्टेनलेसला डी-टू टूल स्टीलची डाय आयर्न करताना घासून गाठी धरते, दहाव्या कपाला भिंतीवर उभे ओरखडे. तिथे अॅल्युमिनियम ब्राँझची रिंग किंवा कार्बाइड लावा, शीटला पॉलिथिन फिल्म ठेवा, आणि आयर्निंग एकदम जास्त नको. आणि ते वेगळ्या स्टेशनला नाही जमलं तर एकाच पंचवर खाली दुसरी रिंग बसवा, पंचची लांबी पुरत असेल तर.

दुसरं, गरमी. मार्टेन्साइट होणं तापमानावर फार अवलंबून आहे, मटेरियल ऐंशी-शंभर अंशाला असलं तर खूपच कमी होतं. म्हणूनच माझ्या त्या डिसेंबरच्या डब्यांमध्ये सकाळच्या पहिल्या शिफ्टचा माल सगळ्यात जास्त तडकायचा, दुपारपर्यंत टूल गरम झालं की कमी. आम्ही काय केलं, डाय रिंग आणि ब्लँक होल्डरला हीटर कार्ट्रिज बसवले आणि पंचमधून पाणी फिरवलं. फ्लँज, म्हणजे होल्डरखालची कड, गरम म्हणजे सहज आत येते, पंचच्या नाकाशी मटेरियल थंड आणि दमदार म्हणजे फाटत नाही. ऑईल मात्र बदलावं लागतं, साधं ऑईल त्या गरमीला धूर करतं आणि पातळ होतं. पहिल्या आठवड्यात वॉचमनच्या चुटक्या बंद झाल्या म्हणणार नाही, पण महिन्याभरात एखाद-दुसरी राहिली.

तिसरं, ड्रॉ रेशो. १.९८ ला एका ड्रॉमध्ये काढणं म्हणजे कडेवरून चालणं. दोन ड्रॉमध्ये केलं तर आत अडकलेला ताण आपोआप कमी होईल असं समजू नका, दुसऱ्या ड्रॉमध्ये परत वाकणं-सरळ होणं आहेच, आणि मधे अॅनिलिंग नाही तर मार्टेन्साइट अजून वाढतो. दोन ड्रॉ तेव्हाच जेव्हा दुसऱ्यात तुम्ही आयर्निंग पण घालताय. नाहीतर नुसता टूलचा खर्च.

ब्लँकची कड पण बघा जरा. ब्लँकिंगच्या पंच-डायची धार गेली की कडेला बर (धारदार कंगोरा) येतो, आणि ती बर असलेली कडच ट्रिम होईपर्यंत कपाचं तोंड असते. चीर तिथूनच जन्म घेते. ट्रिमिंगला पण तेच, ट्रिमनंतर कड घासून घ्या, दहा सेकंदांचं काम.

आता यू चॅनेल. हा खरा वेगळा जॉब आहे पण कारण तेच, म्हणून लिहितो. वाकून सरळ झालेल्या भिंतीत ओढ अजिबात नसेल तर ती किती त्रिज्येने वळेल याचा कागदावरचा हिशोब सोपा आहे, मॉड्युलस गुणिले जाडी, आणि त्याला मटेरियलच्या ताणाच्या तिपटीने भागा. स्टील, रुंद भिंत म्हणून मॉड्युलस २,२७,००० धरा, जाडी १ मिमी. साधं ईडीडी (डीप ड्रॉसाठीचं मऊ स्टील), वाकताना ताण ३०० एमपीए च्या आसपास, त्रिज्या येते २५० मिमी. डीपी ६०० ला ताण ६०० धरला तर त्रिज्या १२६. भिंत ६० मिमी उंच असेल तर ईडीडीचं टोक सात मिमी बाहेर, डीपीचं चौदा. प्रत्यक्षात एवढं येत नाही कारण भिंतीत थोडी ओढ असतेच, पण गणिताचा कल बघा, ताण दुप्पट की वळण दुप्पट, जाडी दुप्पट की वळण निम्मं. आणि अॅल्युमिनियमला मॉड्युलस सत्तर हजार, स्टीलच्या एक तृतीयांश, म्हणजे तेवढ्याच ताकदीचं अॅल्युमिनियम तिप्पट पळणार. ईडीडीच्या डायमध्ये डीपी घालून "आधीच्या जॉबला चाललं होतं" म्हणणाऱ्याला हे दोन आकडे दाखवा.

तुमच्या टूलवाल्याने पंचच्या भिंती तिरक्या करून ओव्हरबेंड (मुद्दाम जास्तीचं वाकण) दिलाय असं लिहिलंय. कोन तेवढ्याने येईल, कर्ल जाणार नाही, कारण भिंत वाकडी आहे आणि तुम्ही वाकड्या भिंतीला नुसतं दुसऱ्या कोनात उभं केलंय. कर्लला उपाय एकच खरा, भिंत ओढून घेणं. स्ट्रोकच्या अगदी शेवटच्या काही मिमीमध्ये फ्लँज लॉक करा, लॉक बीडने (शीट अडवणारी उठावाची रेघ) नाहीतर कुशनचं प्रेशर शेवटी वाढवून, म्हणजे शीट आत यायची थांबते आणि भिंत लांब व्हायला लागते. निदान दोन टक्के भिंत ताणली गेली पाहिजे, ६० मिमी भिंतीला सव्वा मिमी. सुरुवातीपासूनच लॉक केलं तर पार्ट फाटतो, म्हणून शेवटी. तुमचं प्रेस जुनं मेकॅनिकल असेल आणि कुशन नुसतं हवेचं, तर शेवटच्या टप्प्यात स्टॉपरवर बसणारी बीड करता येते, त्याला जास्त टनेज लागेल हे आधीच बघून घ्या.

काही जण भिंतीत बीड किंवा कोपऱ्यात डार्ट (दाबून उठवलेली त्रिकोणी घडी) मारतात, पार्ट सरळ दिसतो, फिक्चरमध्ये बसतो, सगळे खूश. हे करा, मी पण करतो, पण कळून करा की तुम्ही ताण कमी केला नाही, त्याला कुलूप लावलंय. एका गिऱ्हाइकाकडे असाच ब्रॅकेट होता, डार्ट मारून सरळ केलेला, आमच्याकडे फिक्चरवर पाऊण मिमीच्या आत, कागदपत्रं सही होऊन गेली. त्यांच्या लाइनवर वेल्डिंग झालं, डार्टच्या शेजारीच वेल्ड, गरमीने कुलूप उघडलं आणि दोन मिमी पळाला. महिनाभर दोन्हीकडचे लोक एकमेकांची फिक्चर तपासत होते. तेव्हापासून मी फिक्चरवर पार्ट आधी क्लॅम्प न लावता ठेवतो, फीलर गेजने गॅप लिहून घेतो, मग क्लॅम्प. क्लॅम्प लावून सगळंच बसतं हो, पाहुणे आल्यावर सगळीच पोरं शहाणी.

सिम्युलेशनबद्दल विचारलंय म्हणून थोडं. ऑटोफॉर्म, एलएस-डायना ही सॉफ्टवेअर, सगळे स्प्रिंगबॅक काढतात आणि ईडीडीला बऱ्यापैकी जवळ येतात. डीपीला चुकतात तेव्हा बहुतेक वेळा दोन कारणं असतात. मटेरियल एकदा ताणून परत दाबलं की ते लवकर यील्ड होतं (कायमचं वाकायला लागतं), वाकणं-सरळ होणं म्हणजे तेच तर आहे, आणि साध्या मटेरियल मॉडेलला हे कळत नाही. आणि ताणलेल्या डीपीचा मॉड्युलस सोडताना दहा-वीस टक्के कमी झालेला असतो, सॉफ्टवेअरच्या मटेरियल कार्डात मात्र २,०७,००० स्थिर. योशिदा-उएमोरी नावाचं मॉडेल हे दोन्ही धरतं, पण त्याला मटेरियलचा ताण-दाब असा उलटसुलट टेस्ट डेटा लागतो, तो नसेल तर नुसतं मॉडेल निवडून उपयोग नाही, डबा बदलला आत भाजी तीच.

आणि शेवटचं, ज्यावर टूलवाले कायम घसरतात. कॉम्पेन्सेशन, म्हणजे डायच उलट्या बाजूला वाकडी करणं, हे फक्त सरासरीचं औषध आहे. डीपी ६०० च्या स्पेसिफिकेशनमध्येच यील्डची रेंज शंभर एमपीए च्या घरात असते. एका कॉइलवर ट्रायआउट करून डाय कापली, पार्ट शून्यावर आणला, पुढची कॉइल यील्डला ७० ने वर आली की सगळा माल परत बाहेर. मी तीन वेगळ्या लॉटच्या कॉइल्सवर रिंग नाहीतर चॅनेल मोजल्याशिवाय कॉम्पेन्सेशनला हात लावत नाही. तिन्हीमध्ये जो फरक येतो तो डाय वाकडी करून जाणार नाही, तो फक्त भिंत ओढून कमी होतो. आधी फरक आवळा, मग सरासरी हलवा. उलटं केलं की दर कॉइलला डाय मशीनवर चढते, वेल्डिंगवर वेल्डिंग, आणि दोन वर्षांत डायची गोधडी होते.

तर सोमवारी एवढं करा. मार्करची रेघ मारलेले वीस ब्लँक काढा, दहा ट्रिम न करता आणि दहा ट्रिम करून. प्रत्येकातून तीन कप रिंगसाठी, म्हणजे सहा रिंगा, बाकीचे चौदा कप खिडकीजवळ टेबलावर उघडे ठेवा आणि चार दिवस हात लावू नका, कुठला तडकला, किती तासांनी, चीर रेघेपासून किती अंशावर, लिहून ठेवा. निकेलचा आकडा आणि रिंगांची वाढ इथे टाका. रिंगा वायरकटला पाठवताना मार्करची रेघ स्क्राइबरने पक्की करून पाठवा, वायरकटच्या पाण्यात मार्कर पुसतो आणि मग सहाही रिंगा सारख्याच दिसतात.